मतदान अधिकारी क्रमांक दोन

हर्णैच्या उर्दू शाळेत, खोली तीन.
माझ्या ताब्यात शाईची बाटली, काडी,
आणि एक ओला रुमाल,
दुपारपर्यंत कोळंबीच्या वासाचा झालेला,
कारण लिलावावरून थेट आलेल्या बायका
खवल्यांसकट बोट पुढे करत होत्या.
खिडकीत सुवर्णदुर्ग. भरती होती.

साडेतीनला दाऊदमियां सारंग आले.
बसऱ्याच्या धक्क्यावर नऊ वर्षं क्रेन चालवलेला माणूस,
अजूनही मान वर करून बोलतो, उंचावर कोणी असल्यासारखा.
नखावर शाई टेकताच म्हणाले,
"तिकडं अख्खं बोट बुडवायचे, बाई. जांभळं. पेरापर्यंत."

तिकडं म्हणजे जिथं आधी विमानं गेली
आणि मागाहून मतपेट्या.

जब्बार त्यांचा हाताखालचा.
त्याच्या भावाला एका रात्री उचललं,
हॉटेलातल्या तसबिरीवर काहीतरी विनोद केला म्हणून.
म्हातारी रोज धक्क्यावर यायची, विचारायची,
जगात एवढी जहाजं,
आमच्यासाठी एकही का लागत नाही?

"मग लागली.
जब्बारचा फोन आला, चप्पल हातात घेऊन नाचतोय म्हणाला.
मी इथं जेटीवर पेढे वाटले. खोटं कशाला बोलू?"

मग वीज गेली. मग दवाखाना. मग रस्त्याची एक बाजू.
निवडणुकीनंतर पाकिटातून फोटो आला,
फोटोत नुसतं बोट,
चेहरा दाखवण्यासारखे दिवस नव्हते.
पुढचं पत्र बायकोचं.
त्यात जब्बार भूतकाळात होता.

रांग खोळंबली. केंद्राध्यक्ष खाकरले.

मी इतिहास शिकवते.
खिडकीतल्या किल्ल्यावर एक प्रश्न असतो, चार गुणांचा:
पुण्याचा निरोप मुंबईला गेला,
गोरी गलबतं आली, तोफा डागल्या, बुरूज पडला.
वर्षभरात खाली विजयदुर्गाला सगळं आरमार जळालं.
ज्यांच्याशी वैर होतं ते संपले,
मदतीला आलेले राहिले.
मुलं एवढं लिहितात, मी चार गुण देते.
त्या सकाळी इथल्या एखाद्या कोळणीला
जुना जाच सुटला म्हणून बरं वाटलं असेल का,
हे पुस्तकात नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

पण मला पलीकडची भिंतही आठवते.
दापोलीला आमच्या शेजारी राजाध्यक्षांकडे
रात्री भांडी पडायची, मग भांड्यांसारखं नसलेलं काही.
बाबा रेडिओ मोठा करायचे.
दुसऱ्याच्या घरात कसं शिरायचं, म्हणायचे.
मार्गशीर्षातल्या एका पहाटे
कुमुदकाकूंना चादरीतून नेलं.
शिरायला हवं होतं बाबांनी.
दार मोडून शिरायला हवं होतं, आजही म्हणते.
फक्त, शिरताना त्यांनी छप्पर पेटवलं असतं तर?
आणि मागाहून, देखभाल म्हणून,
परसातली विहीर आपल्या नावावर करून घेतली असती तर?
आणि तरीही काकू जगल्या असत्या तर?

इथे येऊन मी थांबते. दर वेळी इथेच.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे यंत्र वाजलं.
दाऊदमियां बाहेर आले, उंबऱ्यात थांबले,
नखावर फुंकर घातली, वाळलेलं असूनही.
"त्या म्हातारीला काय सांगायचं होतं मी, बाई?
येऊ नका म्हणून सांग त्यांना, असं?"

पुढच्या बाईचं बोट माझ्यासमोर आलं होतं.
मी ते पुसलं. रेघ ओढली.

सहाला यंत्राला मोहोर लागली.
पावत्या, सह्या, टक्केवारी, जीपमधली पोती.
ओहोटी लागून किल्ल्याच्या पायथ्याचे खडक उघडे पडले होते.
बाटली मोजून घेतली, काडीसुद्धा घेतली.
रुमाल मात्र यादीत नव्हता,
तो जमा करून घ्यायला कोणी तयार होईना.